बत्तीची कालवं

जुन्या नकाशात ती आहे, नव्यात नाही,
आणि मधल्या एका नकाशात
शाईचा ठिपका खरवडून काढलेला.
कागद तेवढ्या जागी पातळ.

तिवरबंदरात विचारलं तर
तीन माणसांचे हात तीन दिशांना गेले.
जेटीवरचा रहमान सोलकर हसला:
बत्ती? तिच्यावरच तर उभे आहात तुम्ही.
चिरे इथे लागले. काही दर्ग्याच्या पायरीला.
आणि चार भगवतीच्या दीपमाळेला,
म्हणजे दिवा काही सुटला नाही त्यांचा.

बंदराच्या कचेरीत एक रजिस्टर उरलंय,
अर्धं वाळवीचं.
बत्तीवाला झिलू पारकर, पगार अकरा रुपये,
तेल आधी उंडीचं, मग आगबोटीनं आलेलं रॉकेल.
रोज मोडीत एकच ओळ:
दिवा लागला.
दिवा लागला.
दिवा लागला, वारा फार.
बायको गेल्याची नोंद समासात,
दिवा लागल्याची मधोमध.

समासातच, पावसाळा सरला की,
दरसाल एक आकडा.
साठ. नव्वद. एकशेचाळीस.
मला वाटलं उसनवारी असेल.
पावलं होती ती,
बत्तीच्या पायथ्यापासून नदीच्या मुखापर्यंत.
तीनशेदहा.
वरच्या साहेबाला हे कळवलं होतं का,
ते वाळवीला ठाऊक.

मग एका रात्री रत्नावती नावाचा मचवा
बत्ती धरून, अगदी नेमकी बत्ती धरून,
वाळूवर चढला.
सात खलाशी.
दुसऱ्या दिवशीची ओळ:
दिवा लावला. नदी जागेवर नाही.

इतकी वर्षं 'लागला',
त्या एका दिवशी 'लावला'.
पुढची पानं कोरी आहेत.

मनोरा वादळात पडला यावर गावाचं एकमत आहे,
कुठल्या वादळात, यावर नाही.

अवसेच्या सुकतीला जोत्याचं कडं उघडं पडतं,
अर्धा तास, फार तर.
पदर खोचून सुंदरी भाटकर कोयती घेऊन उतरते,
कडेकडेनं कालवं फोडत जाते.
"हितंच व्हती," वर न बघता म्हणते,
"बत्ती नाय हलली. न्हयच गेली."

दुपारी तिच्या पडवीत
कालवांचं सुकं, तांदळाची भाकरी.
दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन काही आलं.
"जपून," ती म्हणाली,
"चुना आसतो. बत्तीचा."

मी थुंकलो नाही.