आडोसा

दोन खांबांत पन्नास मीटर.
कातळावर थोडं जास्त, वळणावर थोडं कमी,
पण धरून चालायचं पन्नास.
म्हणजे एकवीस किलोमीटरला चारशेवीस खांब
आणि वरच्या शंभर मीटरचे दोन.
बाकीच्यांच्या मनगटावर घड्याळं आहेत.
मी सतरा वर्षं लाईनमन आहे,
मला खांब पुरतात.

देवगडातून सुटलो तेव्हा उजाडलं नव्हतं.
कमानीचं कापड वाऱ्यानं रात्रीच फाडलेलं,
'हार्दिक' तेवढं उरलं होतं,
तेही फडफडत.

जाताना वारा पाठीला,
म्हणून तो आहे हेच कळलं नाही.
तारामुंबरीच्या पुलावरून असा गेलो
की खालची खाडी बघायची राहिली.
वाटलं, हे माझेच पाय.
वाटलं, चार महिने जामसंड्याच्या चढावर
घाम गाळला, त्याचं हे फळ.
पाठीवरच्या वाऱ्याला माणूस
आपलंच नाव देतो.

कुणकेश्वराच्या पुढे रस्त्यात एक निळं पिंप.
त्याला वळसा घातला
आणि तोंडावर दार आपटलं.

पाण्याच्या टेबलावरचे कागदी पेले
काजूच्या बागेत उडालेले,
शाळेची पोरं त्यांच्यामागे पळतायत,
आमच्यापेक्षा जोरात.
छातीवरचा तीनशे अठरा नंबर
सैल पत्र्यासारखा वाजतोय.
दातांत वाळू.
खांब पुढे सरकेनात.

वारा सुटला की माझा फोन वाजतो,
एवढीच आमची ओळख आजवर.
वादळाच्या साली याच रस्त्यावर
एकसष्ट खांब त्यानं आडवे घातले,
आम्ही एकोणीस दिवसांत उभे केले.
त्यातला एक अजून कलता आहे.
माझाच. घाईतला.
त्याच्यापाशी पोचलो तेव्हा मीही तेवढाच कललेलो,
फक्त समुद्राच्या बाजूला.
थांबावंसं वाटलं.
हात टेकून, तपासणीला आलोय असं दाखवून.

तेवढ्यात शेजारून एक बाई गेली.
पन्नाशीची, रुंद पाठीची,
केसांना रुमाल घट्ट बांधलेला,
पायांत मुलाचे असावेत असे मोठे बूट.
पाठीवर नाव लिहिलेलं: हेमलता तांडेल, मिठमुंबरी.
मागे न बघताच म्हणाली,
"वाऱ्याक छाती दाखवू नको रे. खांदो दाखय.
आणि माझ्या मागे रव."

राहिलो.
दोन हातांवर, थोडा डावीकडे,
जिथे तिच्या पाठीनं
वाऱ्यात एक माणूसभर जागा कापली होती.
तिथे श्वास मावत होता.
तिथे तिचे बूट ऐकू येत होते,
थप, थप, होडीच्या बुडाला लागतं तसं पाणी.
ती सरळ धावत नव्हती.
जरा आत, जरा बाहेर,
वाऱ्याशी घासाघीस करत,
मासळीच्या लिलावात करावी तशी.
कुठे दोन पावलं सोडायची, कुठे मुळीच नाही,
हे तिला कुठून माहीत, मी विचारलं नाही.
विचारायला दम लागतो.

पुलावर मात्र लाज वाटली.
म्हटलं, मी येतो पुढे.
आलो.
सहा खांब टिकलो.
सातव्याला ती पुन्हा पुढे,
काही न बोलता,
जसं कुणी तुमच्या हातातली जड पिशवी
बोलता बोलता आपल्या हातात घेतं.

मग पवनचक्क्या दिसल्या.
त्यांना वाऱ्याचं काय,
त्या त्याच्यावरच जगतात.
'हार्दिक'ही तोवर उडून गेलं होतं,
नुसत्या दोन बांबूंमधून आम्ही आत शिरलो,
ती आधी, मी मागून.

गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो.
आभाराचं वाक्य जुळवत होतो,
नीट, जरा मोठं.
तिनं रुमाल सोडला,
पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं,
डोळे बारीक केले.

"तू लायनीवालो मा?
काल रात्रीपासून आमच्याकडे काळोख आसा.
लाईट कधी येतली?"

खिशात फोन थरथरत होता.
अकरा मिस्ड कॉल.