बाकी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर नोव्हेंबरात
दुपारी चारच्या आत दिवे लागतात.
तीस किलोचा एक हॅलिबट,
आठ जणांची होडी, आठ वाटे.
तुम्मसने मासा न कापताच सांगितलं असतं,
दोन्ही हातांवर तोलून:
चार नाही, चाराला जरासं कमी.
माझ्या भाषेत ह्याला पावणेचार म्हणतात.
पाच पाऊण पावणेचार.
पाऊणकी आता पाठ कुणाला आहे,
आणि शेलला तर कधीच नव्हती.

शेल म्हणाला, तीन.
ना कुरकुर, ना लाल अक्षरं.
तीन म्हणाला आणि पुढच्या ओळीवर गेला.
आठ त्रिक चोवीस,
बाकी सहा.
ती कुठे ठेवायची
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रोज अशीच, कधी सहा, कधी तीन,
एकदा तर सात.
दोन महिन्यांत एकशे एकाहत्तर किलो मासा
काट्यावर होता
आणि कुणाच्याच वाट्याला नव्हता.

काट्यावर हायनी बसायचा.
कुणी काही बोललं नाही.
फक्त त्याच्या नव्या बुटांकडे
लोक जरा जास्त वेळ बघू लागले,
आणि एके दिवशी कॉफीच्या खोलीत
त्याचा कप खिळ्याला तसाच राहिला.

स्क्रिप्ट मार्यूनने लिहिली होती,
उन्हाळ्यात, एका संध्याकाळी, घाईत.
आज ती रात्रभर तिच्यासमोर बसली आहे.
तिने बीसीला बोलावलं, अपूर्णांकांचा जाणकार म्हणून.
बीसीही म्हणाला, तीन.
त्याला स्केल सांगावी लागते,
टिंबाच्या पलीकडे किती घरं चालायचं ते.
दोन, ती म्हणाली.
मग कुठे ३.७५.

सहा किलोच्या जुन्या नोंदीचा वाटा आला .७५,
पुढचं शून्य नाही,
डोकं छाटून बर्फात ठेवलेल्या माशासारखा.
मग प्रिंटएफ, तो नीट कपडे चढवील म्हणून.
पण ह्या बेटांवर टिंबाच्या जागी स्वल्पविराम असतो.
प्रिंटएफ इथलाच झाला होता.
परक्या टिंबापाशी तो अडला,
तक्रारीची एक ओळ पुटपुटला,
टिंबापुढचं सगळं समुद्रात टाकलं
आणि छापलं:
३,००

दोन घरांपर्यंत काटेकोर
तेच तीन.

मार्यून हसली. रात्री अडीचला, एकटीच.
मग तिने त्या एका ओळीपुरतं
त्याला त्याचं गाव विसरायला लावलं,
आणि कागदावर उतरताना
स्वल्पविराम परत दिला,
कारण वाचणारे इथलेच होते.

सातला सगळं चाललं.
आठला पुन्हा थांबलं.
घड्याळाने आठाच्या पुढे शून्य लावून दिलं होतं,
आणि शून्य पुढे दिसलं की शेल आठांच्या राज्यात जातो,
जिथे सात हा शेवटचा अंक,
आठ कुणाच्या ओळखीचाच नाही.
दहाच्या पायात मोज, तिने लिहून सांगितलं.
इतकं उघड असलेलंही
लिहूनच सांगावं लागतं.

मग ती कोट चढवून निघाली.
वारा असा की हातातला कागद
दोन्ही बाजूंनी धरावा लागला.
हायनीने दार उघडलं, पायात मोजे.
बूट दाराशी होते, अजून नवेच,
तळवेसुद्धा झिजले नव्हते.

चूक माझी होती, ती म्हणाली.
हिशेब पूर्णांकात होत होता.

त्याने चष्मा लावला.
प्रत्येक आकड्यातल्या स्वल्पविरामावर
बोट ठेवत खाली आला,
तुम्मस, डॉन्यल, दोघे भाऊ,
शेवटच्या ओळीपर्यंत.
तिथे एकशे एकाहत्तर होतं
आणि त्याच्याखाली एक शून्य.

बाकी काही नाही? त्याने विचारलं.

मार्यून बोलायला गेली.
आत कुठेतरी किटली वाजू लागली होती.
तो ती उतरवायला गेला,
आणि दार
त्याने लावलं नाही,
पूर्ण उघडलंही नाही,
पाऊण म्हणावं इतकं
राहू दिलं.