कातरण

सावद्याला, केळीच्या गोदामाच्या गच्चीवर
पहाटे पावणेपाचला आम्ही अकरा बायका आणि भारंबे सर.
वैशाख. साडेसहाला गच्चीचा तवा होतो,
म्हणून सूर्यनमस्कार सूर्याच्या माघारी उरकायचे.

सर सहकारी बँकेत कॅशियर होते.
श्वाससुद्धा बंडल सोडल्यासारखा मोजतात:
एक, दोन, तीन, चार. सोडा.
कुणाचा एक कमी भरला तर पुन्हा पहिल्यापासून.

बाकीच्यांच्या निळ्या रबरी चटया, भुसावळहून आणलेल्या.
मी सरकीच्या बारदानावर.
त्यावर जिनिंगचं पुसट नाव, आणि खाली ठळक:
हूक लावू नये.
दिवसभर मी दुसरं काय लावते?
एका ब्लाउजला सहा, लग्नसराईत दिवसाला नऊ ब्लाउज.
हिशोब सरांनी करावा.

शवासनात झोपेकाकू खरंच झोपतात.
आडनावाला जागतात.

सर म्हणतात, विचार आला तर येऊ द्या,
फक्त त्याला बसायला पाट देऊ नका.
माझे विचार पाट घेऊनच येतात.
डोळे मिटले की थोरगव्हाणवालीचा अंजिरी काठ,
बाहीतून उरलेला शेवाळी त्रिकोण,
नेहेत्यांच्या सुनेच्या खणाची बोटभर पट्टी.
अठरा वर्षं हे सगळं मशीनखाली पायानं सारलं.
महिन्याला एक पोतं भरतं,
गॅरेजवाला शकूर हात पुसायला नेतो.

परवा सर तीनवर थांबले.
खाली दिल्लीचा ट्रक मागं घेत होते,
क्लीनर ओरडत होता, येऊ द्या, येऊ द्या,
की सातपुड्यावरच्या उजेडाकडे सरांचं लक्ष गेलं,
चार काही आला नाही.
आम्ही अकरा जणी श्वास धरून.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं काहीच नव्हतं.
ना काठ, ना खण, ना सोमवारचं लग्न.
कापड अंथरलेलं असावं
आणि खडू अजून हातात घेतलेला नसावा, तसं.
मग क्लीनर म्हणाला, बस्स!
श्वास सुटला,
आणि अंजिरीशेजारी शेवाळी आपणहून येऊन बसला.

घरी आले. कळण्याच्या भाकरी थापल्या, ठेचा वाटला,
पोरांचे डबे भरले,
आणि पोतं उलटं केलं.

मापाशिवाय कात्री कधी धरली नव्हती.
छाती, कंबर, मुंढा, गळा: वहीभर दुसऱ्यांची अंगं.
माझं पान नाही त्यात.
फरशीवर मांडी घालून बसले,
खडूनं स्वतःभोवती रेघ ओढत गेले.
गुडघे आले. पावलं आली.
पाठीमागं हात पोचेना.
मग अर्धमत्स्येंद्रासन घातलं, कमरेला पीळ दिला,
सर सांगतात तशी मान सगळ्यात शेवटी वळवली,
आणि रेघेला रेघ भिडली. जराशी चुकून.
ती चूक मी ठेवली.

थोरगव्हाणवाली तणतणली, माझा ब्लाउज कुठंय?
रात्री दिला. हूक सहाच्या सहा.

आज गच्चीवर ते अंथरलं. एक कोपरा अजून टाचायचा आहे.
सर बघत राहिले.
म्हणाले, शेवाळी जास्त झालाय.
झालाय खरा.
झोपेकाकू हातानं चाचपत म्हणाल्या,
"मले बी एक शिवून दे वं. पण लांब."
पिशवीतून खडू काढला. म्हटलं, आडव्या व्हा.
डोक्यापासून सुरुवात केली;
टाचेशी पोचेतो त्या घोरत होत्या.

बारदान टाकलेलं नाही.
खाली आहे,
अक्षरं वरच्या अंगाला.