विमान गेल्यावर

तुझा फोन रात्री साडेअकराला.
"मावशी, इथं काहीच घडत नाहीये गं.
सगळे म्हणाले होते, सोन्याचे दिवस.
तुझे होते का?"
मी भांडी विसळत होते. म्हटलं, उद्या सांगते.

तर शर्वाणी, ऐक.
कलिन्याला दोन वर्षं. इतिहास.
सकाळी वर्ग, दुपारपासून कुर्ल्याला
सावे डॉक्टरांच्या लॅबमध्ये
लोकांच्या रक्तातली साखर टाइप करायची.
हिमोग्लोबिनचं स्पेलिंग मला
छत्रपतींच्या वंशावळीआधी पाठ झालं.
कट्टा होता, हो.
त्यावर बसायला माझ्याकडे
गुरुवारची वीस मिनिटं होती.

आणि डोक्यावर विमानतळ.
दर थोड्या वेळानं एक विमान
चाकं काढून छपरावरून उतरायचं
आणि बोरवणकर सर वाक्यातच थांबायचे,
खडू हवेत तसाच.
आवाज गेला की सुरू करायचे थेट पुढून,
मधलं त्यांचं मनात बोलून झालेलं असायचं.
माझ्या वह्यांत त्या जागा आहेत अजून,
दोन बोटं रुंद, कोऱ्या:
"कारण इंग्रजांना असं वाटत होतं की

म्हणून मग अठराशे अठरा."

शेजारी फिलोमिना डाबरे, वसईची.
ती पेन ओढून घ्यायची माझं
आणि जागा भरून टाकायची.
"कारण इंग्रजांना असं वाटत होतं की
बाजीरावाला सुकट आवडत नाही,
म्हणून मग अठराशे अठरा."
मी हसू दाबताना बाक हलायचा.
परीक्षेत त्याच ओळीपाशी अडकले,
खरं कारण काही केल्या आठवेना.
त्रेपन्न मार्क.

प्रेम विचारशील.
जयवंत खरटमोल, झेरॉक्सच्या रांगेत.
नोट्स नेल्यान्, आठवड्यानं आणून दिल्यान्,
वरच्या पानावर चहाच्या कपाचा गोल.
मी तो गोल पुष्कळ दिवस बघत राहिले.
एवढंच.

सोन्याचे म्हणणारे कोण असतात, तेही बघ जरा.
ज्यांना संध्याकाळी कुठं पोचायचं नसतं.
आमच्यातले अर्धे झोपेत शिकले,
उरलेल्यांना नंतर बँकेत नोकऱ्या लागल्या
आणि मग त्यांना ते दिवस आठवायला लागले.

पण खोटं कशाला बोलू.
एकदा सावे डॉक्टरांचे वडील वारले,
लॅबला कुलूप.
मला ते दारात पोचल्यावर कळलं.
घरी कुणी वाट बघत नव्हतं रात्री नऊपर्यंत.
मी उलटी चालत कॅम्पसला आले.
नोव्हेंबर असावा, सातवीण फुललेली,
त्या वासानं डोकं चढतं माझं, अजूनही.
लायब्ररीत एक पुस्तक काढलं, विषयाचं नव्हे,
समुद्रातल्या वाऱ्यांबद्दल होतं काहीतरी.
वाचलं, कळलं नाही, पुन्हा वाचलं.
कँटीनच्या पोऱ्यानं शेवटची उसळ दिली,
पाव संपले होते.
विमानं उतरत होती आणि
माझ्यापुढं कुणी वाक्य तोडत नव्हतं.
चार तास मी कुणाची कुणी नव्हते.
दुसऱ्या दिवशी साखर, थुंकी, लघवी.

त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही.
दोन वर्षांत ती एक संध्याकाळ.
आणि तेव्हा, शपथेवर सांगते, मला वाटलं होतं
दिवस फुकट गेला.

गेल्या मे महिन्यात फिलोमिना भेटली,
वसईच्या बाजारात, केळी घेताना.
मी सांगितलं: बाजीराव, सुकट.
ती बघत राहिली.
"मी? मी असलं लिहायचे?"
मग म्हणाली, "तू फार हुशार होतीस, नाही?
सारखी लिहीत असायचीस."
आणि केळीवाल्याशी भाव करायला लागली.

तेव्हा होते का, नव्हते का,
मला विचारू नकोस.
वही काढून ठेवलीये, दिवाळीत येशील तेव्हा बघ,
कोऱ्या जागा जास्त निघतील.

आता हे सांग,
मेसमध्ये आज काय होतं,
आणि जेवलीस का?