दहा वाजून एकोणतीस मिनिटं

त्यांचा दिवस संपायला एक मिनिट उरतं
तेव्हा केसलवाडा फाट्यावर
सकाळचे दहा एकोणतीस होतात.
साकोलीची गाडी येऊन गेलेली असते
आणि तेजरामच्या सेतू केंद्रात
सातबाऱ्यासाठी सहा माणसं माझ्यामागे उभी.

खुर्ची डुगडुगते. कीबोर्डवरचा ‘ए’ पुसला गेलाय.
अर्ज म्हणतो,
तुम्ही कारकिर्दीच्या मध्यावर आहात हे सिद्ध करा.

मध्य सांगायचा तर दुसरं टोक माहीत लागतं.
मला माहीत आहे ते एवढंच :
सत्तेचाळीस वर्षं, डावा गुडघा,
आणि तासिका तत्त्वावरची अठरा,
म्हणजे दर जूनला
नव्यानं सुरू होणारी कारकीर्द.

प्रकाशित लेखन.
फाट्यावरच्या निवाऱ्याला काळा रंग मारून
मी फळा केलाय, चार फूट बाय सहा.
दर मंगळवारी बाजार भरायच्या आत
त्यावर एक प्रश्न लिहिते.
तलावाचा लिलाव कोणत्या ग्रामसभेत झाला, आणि तिथं कोण होतं?
उपकेंद्राची किल्ली कोणाच्या खुंटीला?
बायकांची सही घरी येऊन कोण घेऊन जातं?
सोमवारी संध्याकाळी पुसते.
बारा वर्षांचं माझं सगळं लेखन
एका फडक्यात आहे, आणि ते फडकं
मी दर आठवड्याला धुते.

फडकं जोडता येत नाही.
फाइल दोन एमबीच्या आत हवी.

शिफारस करणारे दोघे :
कामाशी परिचित, नात्यात नसलेले.
झिबल मारबते चांगलाच परिचित आहे.
लिलावाच्या प्रश्नाला त्यानं शेण फासलं होतं.
आठ दिवसांनी स्वतःच बादली आणून धुतलं
आणि खाली उत्तर लिहिलं,
किती किलो मासोळी, किती रुपये, कोणाच्या घरात.
इतकं नीट मला अजून कुणी वाचलेलं नाही.
त्याला ईमेल नाही.
मी नागपूरच्या दोन प्राध्यापकांची नावं टाकली,
जे मला एका चहापानात भेटले होते.

भाषा. यादीत खूप होत्या, काही मी ऐकलेल्याही नव्हत्या.
झाडी नव्हती. ‘इतर’वर टिचकी मारली.

दहा अठराला लाईट गेली.
इन्व्हर्टर चिरकायला लागला.

मागून रामकला स्क्रीन वाचत होती,
ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत.
‘मॅडम, हे पब्लिक का होय?’
लोकांमधला विचारवंत, मी म्हटलं.
‘मंजे इचारणारी?’

तेजराम हसला.
मी हसले नाही. एवढ्या चर्चासत्रांना गेले,
बिल्ले लावून, पिशव्या घेऊन परत आले,
हा अर्थ कुठल्याच पिशवीत नव्हता.

‘मंग तुमी गेल्यावर नऊ मयने कोन इचारल?’
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
‘मी लिवीन. पन माहे परश्न लिवीन. तुमचे नाई.’
तुझे कोणते गं?
‘थे फळ्यावर वाचजा.’
आणि सातबारा पदराआड घालून
नंबर नसतानाही सगळ्यांच्या आधी निघून गेली.

दहा सत्तावीस. पाठवा.
आभार. निकाल एप्रिलमध्ये.
निवड न झाल्यास कारण कळवले जाणार नाही.
चाळीस रुपये, तेजराम म्हणाला,
मग दहा परत दिले.

बाहेर बाजार भरत होता. मंगळवार होता
आणि मी फळा विसरले होते.
पण तो कोरा नव्हता.
अक्षर वाकडं, ओळ उताराला लागलेली :

मॅडम समद्याइले इचारते.
मॅडमले कोन इचारते?

खाली अर्धा फळा मोकळा सोडला होता.
शब्दमर्यादा लिहिलेली नव्हती.
माझी तासिका पावणेबाराची, गाडी अकराची.
कट्ट्यावर खडू पडला होता,
अर्धवट ओला,
शिंगाडे विकणाऱ्या कुणाच्यातरी बोटांचा.