हाकेचा रंग

पावणेसहाला मी मानेवाड्याहून निघते.
डिकीत बर्फाची पिशवी, कापूस, सुया,
लाल टोपणाच्या नळ्या, जांभळ्या टोपणाच्या.
मे महिन्यात नागपूर पहाटेसुद्धा
रात्रभर न उतरवलेला तवा असतं.
लोकांचं उपाशी रक्त गोळा करायचं
आणि दहाच्या आत धंतोलीत पोचवायचं,
एवढंच माझं काम.

तर इंदोऱ्याचे उद्धव गजभिये, वय एक्केचाळीस,
वीज मंडळात लाइनमन.
चिठ्ठीवर: थकवा. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड.
कूलरसमोर बसलेले,
वाऱ्याचंही ओझं झाल्यासारखे.
निरंजनाताई म्हणाल्या, "उन्हानं काळे पडले जी.
खांबावर चढणारा माणूस,
आता जिना नाही चढवत त्यायच्याच्यानं.
अन् मीठ खाऊन रायले नुस्तं, कैरी नसली तरी."

सगळी गल्ली हेच म्हणत होती, ऊन.
या गावात उन्हावर काहीही ढकलता येतं.
मीही ढकलते. सत्तेचाळिशीत, रात्री दोनला,
मानेवरून वाफ उसळते
तेव्हा नवऱ्याला विचारते, लाइट गेली होती का?

पट्टा बांधला. "मूठ मिटा." मिटली.
"उघडा."
उघडली, आणि तळहाताच्या रेषा
शाईने कोरल्यासारख्या काळ्या.
हिरड्यांवर जांभळाचे डाग.
जांभळं अजून बाजारात यायची होती.

ऊन पाठीवर बसतं, मानेवर, नाकावर.
मुठीच्या आत कसं शिरेल?

मी डॉक्टर नाही. बारावी सायन्स आणि एक डिप्लोमा.
पण बावीस वर्षं माणसांचे हात उताणे पाहिलेत.
शाळेच्या पुस्तकात एक आकृती होती,
पाठ केलेली, न कळलेली:
पीयूषिका, वाटाण्याएवढी, मेंदूखाली लोंबणारी.
अधिवृक्क, मूत्रपिंडांवर तिरप्या टोप्या.
वरची हाक मारते, खालच्या ओ देतात.
ओ ऐकू आली की वरची गप्प होते
आणि आपल्या कामाला लागते.

गजभियांच्या अंगात खालून ओ येत नव्हती.
टोप्या वाळून गेलेल्या.
वरची बिचारी हाका मारतच होती,
मोठ्यांदा, आणखी मोठ्यांदा, दिवस नाही रात्र नाही,
आणि ती हाकच कातडीत उतरत होती,
रेषांत, बोटांच्या पेरांवर, हिरड्यांत,
कोपरावरच्या जुन्या वणात.

हे सगळं मला नंतर जुळवता आलं.
त्या दिवशी मी फक्त म्हणाले,
"ताई, हे हात मेडिकलला दाखवा. आजच."
"हाताले काय झालं? थकले तर ते आख्खे हायेत."
"तरी हातच दाखवा."

दोन दिवसांनी नवी चिठ्ठी. कॉर्टिसोल, सकाळी आठ.
आठ म्हणजे आठ.
धडधाकट अंगात हे रसायन पहाटे तीनपासून चढू लागतं,
दूधवाल्याच्या आधी उठतं,
आठला अंघोळ करून दारात उभं.
कामठी रोडवर मेट्रोच्या खांबांमध्ये ट्रक अडकलेला.
गाडी फुटपाथवरून काढली, शिव्या खाल्ल्या,
सात अठ्ठावन्नला सुई शिरेत.

रिपोर्ट आला: एक पूर्णांक दोन.
मी तो आकडा कितीतरी वेळ पाहत राहिले,
रिकाम्या घराची बेल वाजवून
माणूस दारात उभा राहतो तशी.

आता सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी.
ताप आला तर दुप्पट, हे निरंजनाताईंनी
कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलंय.
तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जरीपटक्यात
गजभिये खांबावर दिसले.
त्यांनी वरून हात दाखवला.
एवढ्या खालून रेषा दिसत नाहीत.

त्या रात्री दोनला मला पुन्हा वाफ आली.
पंखा फिरत होता. राउटरचा हिरवा दिवा चालू होता.
लाइट होती.
मी नवऱ्याला हाक मारली.
झोपेतच तो म्हणाला,
"ओ."