वाया गेलेले ताव

दोन्ही पक्षांची पत्रकं मीच छापली,
महालातल्या त्याच मशीनवर,
सकाळी एकाची, जेवणानंतर दुसऱ्याची.
मधे फक्त रोलर पुसायचा, रंग बदलायचा.
बिल कोणीच मागितलं नाही.
एकाचे मागच्या खेपेचे पैसे अजून यायचे आहेत.

मंदाकिनी पराते सायकलवर आल्या,
तांडापेठेतून, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा बांधून.
पाचशे. काळ्या शाईत. कागद पातळ चालेल.
मजकुरात एक वेलांटी चुकली होती, त्यांनीच दाखवली.
पैसे मोजून दिले, वर म्हणाल्या,
"पावती द्या भाऊ, खर्चात दाखवा लागते."
निशाणी: शिट्टी.

साळा म्हणाला, "जावई, मत फुकट घालवून राहिले तुम्ही.
पडणाऱ्या माणसाले देऊन कोणाचं भलं?
उलट तो दुसरा येईन निवडून, तुमच्यापायी."
त्याच्या बोलण्यात चूक काढता आली नाही मला.
पोह्यांवर आणखी तर्री घेतली.

रात्री मशीनपाशी एकटा असताना आठवलं,
कोणतंही काम लावलं की
पहिले तीस-चाळीस ताव वायाच जातात.
शाई धरत नाही, अक्षर फिकं, कडेला डाग.
गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतही नाही.
पण ते काढल्याशिवाय
एकही ताव नीट निघत नाही.
हे साळ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता.
मलाही कुठं पुरतं पटलं होतं.

मतदानाच्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री.
शाळेच्या भिंतीला चिकटून रांग,
सावली जेवढी, तेवढीच रुंद.
खिशात कांदा.
बटण दाबलं, लाल दिवा लागला,
काचेमागे चिठ्ठी आली
आणि सात सेकंद थांबली:
नाव, शिट्टी.
इतकी वर्षं दुसऱ्यांचं छापत आलो,
हे पहिलं काम माझं स्वतःचं.
एकच प्रत,
तीही कापून डब्यात पडली.
मग बीप.

घरी बेबीनंदा कूलरमध्ये पाणी भरत होती.
तिच्याही बोटाला शाई.
कोणाला दिलं, मी विचारलं नाही.
कुकरची शिट्टी झाली,
तशी ती माझ्याकडे न बघता हसली.

यायचा तो आला.
गुलाल आमच्या गल्लीतही उडाला, साळा नाचला.
आमच्या बूथवर पराते बाईंना अकरा.
त्यातला एक मी.
एक, समजा, कुकरचं.
उरले नऊ.

तेव्हापासून चौकात उभा राहिलो की
मी लोकांची तोंडं बघत असतो.
पंक्चरवाला डोमाजी? बँकेचा तो अबोल गार्ड?
काल कोपऱ्यावरच्या माठवालीनं
मी निवडलेला माठ बोटानं वाजवला,
कान लावून ऐकला, बाजूला ठेवला.
"हा नका घेऊ भाऊ, तडकेला आहे."

मी मनात म्हटलं, आठ.